पद्मिनीच्या बॉनेटखाली जिप्सीचं इंजिन

कोल्हापूरजवळ माझ्या मित्राच्या मळ्यातल्या घरामागे एक पांढरी प्रीमिअर पद्मिनी उभी असते. त्याच्या वडिलांची. तिचं मूळ इंजिन आम्ही दोघांनी बाहेर काढलं आणि मारुती जिप्सीचं बसवलं. एका दिवाळीला कामाला हात घातला आणि गाडी स्वतःच्या ताकदीवर शेडबाहेर आली ती पुढची दिवाळी उलटल्यावर. या वर्षभरात इंजिन प्रत्यक्ष जागेवर उतरवायला लागला तो फक्त एक रविवार. बाकीचे सगळे रविवार कुठे गेले, तेच इथे सांगायचं आहे. जुन्या गाडीला नवं इंजिन बसवायचं मनात असलेल्या माणसाला बहुतेक वेळा त्या एकाच रविवारचं चित्र दिसत असतं.

आधी दोन्ही इंजिनांची ओळख करून घेऊ. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीतली फिआट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती फिआट ११०० डिलाइट म्हणून तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. तिचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, बिडाच्या ब्लॉकचं. ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, पॉइंट, कंडेन्सर असं सगळं पान्याने आणि पॉलिश पेपरने दुरुस्त होणारं. जिप्सी किंगचं एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं, इंजिन १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचं आणि ८० हॉर्सपॉवरचं. ताकद जवळजवळ दुप्पट आणि ब्लॉक हलका. कागदावर बघितलं की सौदा फार सोपा वाटतो.

असे प्रयोग खुद्द कंपन्यांनीही केले आहेत. प्रीमिअरने १९८५ मध्ये ११८ एनई काढली, तिची बॉडी फिआट १२४ घराण्यातली आणि इंजिन निस्सानचं ११७१ सीसीचं. पद्मिनीलाच पुढे इटालियन एफएनएम कंपनीच्या परवान्याने बनलेलं १३६६ सीसीचं डिझेल इंजिन मिळालं, ती १३७ डी. हिंदुस्तान मोटर्सने ॲम्बेसेडरमध्ये इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि त्याच्यासोबत पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला. म्हणजे जुन्या बॉडीत नवं इंजिन ही कल्पना चुकीची नाही. पण कंपनीकडे ड्रॉइंग असतात, चाचणीचा ट्रॅक असतो आणि सरकारी मान्यता असते. घरी काम करणाऱ्याकडे टेप, पुठ्ठा आणि रविवार असतो.

मान्यतेचा विषय आत्ताच संपवतो, कारण तो शेवटी कळला तर फार महागात पडतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसी बुकातला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ ठामपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. खराब झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवून आरटीओकडून नवा नंबर नोंदवून घेणं हा निराळा आणि नेहमीचा मार्ग आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्यालाही अटींसह वाट ठेवलेली आहे. त्यासाठी किट मान्यताप्राप्त लागतं, आणि अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक म्हणजे पुण्यात वेताळ टेकडीवरची एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन. पण पद्मिनीत जिप्सीचं इंजिन घालून तिला सार्वजनिक रस्त्यावर फिरवायचं असेल, तर आपल्याकडे आज त्याला सरळ रस्ता नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना इंजिन आणि चासिस नंबर तपासले जातात, आणि अपघात झाला तर न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी दावा नाकारू शकते. मित्राची गाडी म्हणूनच मळ्यातल्या खाजगी रस्त्यावर, उसाच्या फडांमधून फिरते. फाटकाबाहेर ती जात नाही.

अजून एक गोष्ट. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला खास नंबर मिळतो. अट ही, की चासिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. डिलाइट किंवा अगदी सुरुवातीची पद्मिनी मूळ इंजिनासकट तुमच्याकडे असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की तिला हात लावू नका. तिचं इंजिन बोअर करून, नवे पिस्टन घालून उभं करा. बदलाच्या प्रयोगाला अशी गाडी घ्या जिचं मूळ इंजिन आधीच कुठेतरी हरवलेलं किंवा फुटलेलं आहे. आमच्या गाडीचा ब्लॉक दोन सिलिंडरच्या मधोमध तडकलेला होता. तरीही तो आम्ही टाकला नाही.

आधी मोजमाप, मग खरेदी

बैलगाडीला घोडा जुंपायचा म्हटलं तर घोडा विकत घेणं हे सगळ्यात सोपं काम. जू बैलाच्या वशिंडासाठी केलेलं, ते घोड्याच्या मानेवर बसत नाही. साज नवा लागतो. घोडा दौडायला लागला की आस तापतो. मग कळतं की गाडीचा प्रत्येक भाग बैलाची चाल धरून केलेला होता. मोटारीचंही तसंच आहे. चाळीस हॉर्सपॉवरचा हिशोब पद्मिनीच्या रेडिएटरमध्ये आहे, क्लचमध्ये आहे, ब्रेकच्या ड्रममध्ये आहे आणि पत्र्याच्या जाडीतही आहे.

पहिला प्रश्न इंजिन कोणत्या दिशेने बसतं हा. पद्मिनीत इंजिन लांबीच्या दिशेने बसतं, त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग लांब प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियल, म्हणजे ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा संच. ताकद मागच्या चाकांना. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि ताकद पुढच्या चाकांना जाते, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात. मारुतीच्याच एस्टीममधलं इंजिन जिप्सीच्याच घराण्यातलं, पण ते आडवं बसतं. त्याच्या गिअरबॉक्सचा पद्मिनीत काही उपयोग नाही. जिप्सीचं इंजिन मात्र लांबीच्या दिशेने उभं आहे आणि तिची आणखी एक सोय आहे. फोर व्हील ड्राइव्हची ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, दोघांच्या मध्ये एक छोटा शाफ्ट आहे. तो सोडला की हातात उरतो मागे शाफ्ट जोडता येईल असा सुटसुटीत पाच गिअरचा बॉक्स. आम्ही जिप्सी निवडली ती याच कारणाने. हॉर्सपॉवरचा विचार नंतर.

भंगार बाजारातून इंजिन घेताना लोक ब्लॉक पाहतात, कॉम्प्रेशन पाहतात, आणि ते बरोबरच आहे. पण ईसीयू (इंजिनचा संगणक), सगळे सेन्सर, संपूर्ण वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा), इंधनाचा पंप, एअर फिल्टरचा डबा, क्लच, स्टार्टर, अल्टरनेटर, अगदी ॲक्सिलरेटरची केबल, हे सगळं एकाच गाडीतलं घ्या. इंजिन मोकळं करताना घाईत वायर कापून टाकतात आणि तोडलेल्या हार्नेसचं इंजिन स्वस्तात मिळतं. ती बचत पुढे तीनपट वसूल होते. आणि पावती, मूळ गाडीच्या कागदांची प्रत, इंजिन नंबरचा ताळा यांच्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीचं इंजिन घरात आलं तर पुढचं काही बोलायला उरत नाही.

मग मोजमाप. नुसता ब्लॉक आणि रिकामा गिअरबॉक्स, आतलं काही नाही, असा हलका सांगाडा गाडीत लटकवून पाहायचा. बॉनेट बंद होतं का? ऑइलचा चेंबर पुढच्या सस्पेन्शनच्या क्रॉस मेंबरवर बसतो का? स्टिअरिंगचे रॉड पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवले तर कुठे घासतात? एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड स्टिअरिंग बॉक्सच्या अंगावर तर येत नाही? आमचं इंजिन चेंबरवर अडलं. चेंबर कापून उथळ करावा लागला, आणि चेंबर बदलला की आतली ऑइल शोषणारी जाळीही बदलावी लागते. जाळी आणि तळ यांच्यात साधारण ६ ते १० मिलिमीटर फट हवी. कमी राहिली तर पंपाला ऑइल खेचता येत नाही, जास्त राहिली तर वळणावर ऑइल एका बाजूला जाताच जाळी हवा ओढते. ऑइलशिवाय बेअरिंग काही सेकंदांतच खलास होतं.

फाउंडेशन, गिअरबॉक्स आणि शाफ्ट

गॅरेजमध्ये इंजिन ज्यावर बसतं त्या रबरी आधाराला फाउंडेशन म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासिस नाही. तळाचा पत्रा, बाजूचे सिल आणि छप्पर मिळून एकच सांगाडा, म्हणजे मोनोकॉक. इंजिनचं वजन आणि त्याचा पीळ शेवटी या पत्र्यावरच येतो. कोकणात किंवा समुद्राजवळ वर्षं काढलेल्या गाडीचा पत्रा वरून चकचकीत आणि आतून पापुद्र्यासारखा असू शकतो. जिथे ब्रॅकेट वेल्ड करायचं तिथे आधी हातोडीच्या टोकाने टकटक करून बघा. घट्ट पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. सडलेला भाग कापून नवा टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि ब्रॅकेट थेट पातळ पत्र्यावर न लावता खाली जाड पट्टी देऊन भार पसरवा. सुरुवातीला नुसते टाके मारा. पूर्ण वेल्डिंग शेवटी, सगळं जुळल्यावर.

नव्या इंजिनाला जुनाच गिअरबॉक्स ठेवायचा मोह होतो, स्टिअरिंगवरच्या त्या लांब गिअर लिव्हरसाठी तरी. मलाही झाला होता. पण दोन्हींचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड प्लेट बनवावी लागते आणि तिथे खरं कौशल्य लागतं. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं टोक क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या, मागच्या टोकातल्या छोट्या बेअरिंगमध्ये बसतं. या दोन शाफ्टची मध्यरेषा अगदी एक हवी, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. नुसत्या बोल्टच्या भरवशावर हे साधत नाही, कारण बोल्ट आपल्या भोकात थोडा ढिला असतोच. जागा पक्की करायला डॉवेल पिन लागतात. रेषा चुकली तर गाडी सुरुवातीला चालते, म्हणून चूक लक्षात येत नाही. मग क्लच थरथरतो, ते छोटं बेअरिंग संपतं आणि गिअर आपोआप निसटायला लागतो. मित्राचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, मिलिंग मशीन हाताशी आहे, तरी त्यानेच सांगितलं की जिप्सीचं इंजिन आणि जिप्सीचाच बॉक्स एकत्र ठेवू. लिव्हर खाली फ्लोअरवर आला, त्यासाठी टनेलचा, म्हणजे शाफ्टवरच्या तळाच्या उंचवट्याचा, पत्रा कापला आणि पुढच्या सलग सीटलाही खाच द्यावी लागली. त्या सीटचं मला अजून वाईट वाटतं.

बॉक्स बदलला की प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. कापून, जोडून, बॅलन्स करून घ्यायचं काम अनुभवी माणसाकडेच द्या, कारण वरच्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनपेक्षाही जोरात फिरतो. पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.८ असेल आणि इंजिन ३००० फेरे फिरत असेल, तर शाफ्टचे होतात ३७५०. कापून जोडताना दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत राहायला हवेत. कारण असं: शाफ्टच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, कोनात फिरतो तेव्हा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित जलद आणि दोनदा किंचित मंद होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर तो हा हेलकावा उलटा घालून संपवतो, आणि चाकाला एकसारखी गती मिळते. त्यासाठी गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाची रेषा आणि डिफरन्शियलच्या पुढच्या टोकाची रेषा एकमेकींना समांतर हव्यात. इंजिन बसवताना बॉनेट बंद व्हावं म्हणून मागची बाजू थोडी खाली झुकवली की ही समांतरता मोडते, आणि मग साठच्या वर गाडीतून एक घुमणारा आवाज येतो जो टायर बदलून, बेअरिंग बदलून, काहीही करून जात नाही. कोन मोजायला हल्ली मोबाइलसुद्धा पुरतो.

गुणोत्तराचा हिशोब एकदा वहीत मांडून पाहा. समजा डिफरन्शियल ४.३ चं आहे, म्हणजे शाफ्टच्या ४.३ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा, आणि टायरचा एक फेरा १.८५ मीटरचा. चौथ्या गिअरमध्ये, जिथे गुणोत्तर १ आहे, इंजिनच्या ३००० फेऱ्यांना गाडी ताशी सुमारे ७७ किलोमीटर धावेल. ०.८ च्या पाचव्या गिअरमध्ये तेवढ्याच फेऱ्यांना ९७. इंजिन शांत आणि गाडी वेगात, हायवेवर बरं वाटेल असा हिशोब. पण जिप्सीत ट्रान्सफर केसही थोडी गती कमी करून ओढ वाढवते, साध्या हाय रेंजमध्येसुद्धा. ती काढून टाकली म्हणजे प्रत्येक गिअर लांब झाला. इथे पद्मिनी जिप्सीपेक्षा हलकी असल्याने निभावतं. जड गाडीत हाच बॉक्स असाच लावला असता तर चढावर पहिला गिअर कमी पडला असता.

आणि एक गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. जिप्सीत स्पीडोमीटरची केबल निघते ट्रान्सफर केसमधून. ती काढली, स्पीडोमीटर गेला. शेवटी मित्राने शाफ्टवर चुंबकाची कडी बसवून सेन्सरवर चालणारा मीटर लावला.

तीन बारच्या दाबाचं पेट्रोल

कार्बोरेटर समजायला सोपा. हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथे दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं. इंजिनला किती पेट्रोल द्यायचं याचा विचार कोणी करत नाही, हवेचा ओघच ते ठरवतो. इंजेक्शनमध्ये हा विचार एक छोटा संगणक करतो, तो ईसीयू. मॅनिफोल्डमधला दाब, हवेचं तापमान, पाण्याचं तापमान, थ्रॉटल किती उघडा आहे, क्रँक नेमकी कुठे आहे, हे सेन्सर त्याला सांगतात. मग तो इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो. ३००० फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला २५ वेळा हा घास द्यायचा असतो. एका भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा, हे प्रमाण साधलंय का ते सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर धूर तपासून परत कळवतो. एकही साक्षीदार खोटं बोलला, तर ईसीयूचा निर्णय चुकतो. पाण्याच्या तापमानाची वायर तुटली असेल तर इंजिन गरम असूनही त्याला थंड वाटू शकतं आणि तो पेट्रोल ओतत राहतो.

म्हणून वायरिंग करताना माझा एक नियम होता आणि तो मी कोणालाही सांगेन: जुनी वायरिंग आणि इंजिनची वायरिंग एकमेकींत मिसळू नका. दिवे, हॉर्न, वायपर हे जुन्यावर चालू दे. इंजिनचं हार्नेस वेगळं, त्याला स्वतःचे फ्यूज, स्वतःचे रिले, थेट बॅटरीकडून सप्लाय. दोघांची गाठ फक्त दोन-तीन ठिकाणी पडते: इग्निशनची किल्ली, अल्टरनेटरचा दिवा, इंजिन तपासणीचा दिवा. हा शेवटचा दिवा पद्मिनीच्या डॅशबोर्डवर नसतोच, तो लावून घ्या. बिघाड झाला तर ईसीयू त्याच्यातूनच बोलतो. अलीकडच्या गाड्यांचं इंजिन घेत असाल तर इमोबिलायझरही, म्हणजे चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप, असतो. ईसीयू, किल्ली आणि किल्लीभोवतीची कॉइल असा संच एकत्र आला नाही तर स्टार्टर फिरेल, इंजिन चालू होणार नाही.

अर्थिंगचा धडा आम्हाला प्रत्यक्ष मिळाला. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते गाडीपासून तुटलेलं असतं. त्याला बॉडीशी जोडणारी जाड पट्टी लागते. आम्ही ती लावायची विसरलो. किल्ली फिरवली, स्टार्टर कसाबसा घरघरला आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून धूर आला. स्टार्टरचा सगळा करंट परत जायला दुसरी वाट नव्हती, म्हणून तो त्या पातळ केबलमधून गेला. मित्राने बॅटरीचं टर्मिनल ओढून काढलं म्हणून तेवढ्यावर निभावलं.

इंधनाच्या बाबतीत मात्र अंदाजाला जागाच नाही. जुना पंप इंजिनच्या कॅमवर चालणारा, त्याचा दाब एक बारच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. इंजेक्शनला लागतो जवळपास तीन बार. जुनी रबरी नळी, साधे क्लिप आणि गंजलेला पाइप हा दाब सोसत नाहीत, आणि सुटलेली नळी पेट्रोलचा फवारा थेट गरम मॅनिफोल्डवर मारते. टाकीपासून इंजिनपर्यंत नळ्या नव्या, इंजेक्शनसाठी बनवलेल्याच घ्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने खराब होतं, हे आणखी एक कारण. टाकीत आत आडोसा नसेल तर वळणावर पेट्रोल एका कडेला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असायचं, त्यामुळे अशी उचकी कळायची नाही. इंजेक्शन लगेच झटका देतं.

पंपाची वायर थेट किल्लीला जोडायचा शॉर्टकट कोणी सुचवला तर ऐकू नका. ईसीयू किल्ली फिरवल्यावर पंप एक-दोन सेकंद चालवतो आणि इंजिन फिरत नसेल तर बंद करतो. अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबावा, म्हणून ही रचना आहे. थेट जोडलेला पंप उलटलेल्या गाडीतही पेट्रोल फेकत राहील.

उष्णता आणि थांबणं

पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून आणि उरलेली पाण्यात. इंजिनाकडून दुप्पट ताकद घ्याल तेव्हा रेडिएटरवरचा भारही त्याच प्रमाणात वाढतो. जुना रेडिएटर तासून बसवता येतो, पण ट्रॅफिकमध्ये तो हात टेकतो. जिप्सीचा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक फॅन आमच्या गाडीच्या जाळीमागे थोडी कापाकापी करून बसला. सायलेन्सरबद्दल फार सांगण्यासारखं नाही, फक्त तो ब्रेकच्या पाइपापासून आणि मास्टर सिलिंडरपासून लांब न्या.

ब्रेकबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त हयगय इथेच होते. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. वेगाचा वर्ग केला की त्या प्रमाणात थांबवायची ऊर्जा येते. ताशी ८० वरून ११० वर गेलात तर वेग वाढला सदतीस टक्क्यांनी, पण ब्रेकला जिरवायची उष्णता जवळजवळ दुप्पट झाली. ड्रम तापला की तो फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल खाली जातं. जुन्या गाड्यांत ब्रेकचं ऑइल एकाच सर्किटमध्ये असतं, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. पुढे डिस्क, दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि व्हॅक्यूम बूस्टर, इतकं झाल्याशिवाय दुप्पट ताकदीचं इंजिन सुरू करणं मला मान्य नाही. मळ्यातल्या रस्त्यावर कोणी ११० गाठत नाही, तरी आम्ही हे इंजिन सुरू करण्याआधी केलं, आणि त्यातच पूर्ण पावसाळा गेला. जुने लायनर आणि क्लच प्लेट काढताना त्यांची धूळ हवेने उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

घरी काम करताना चेन कुप्पी, म्हणजे इंजिन उचलायची साखळीची कप्पी, शेडच्या पत्र्याच्या पाइपला टांगलेली मी पाहिली आहे. तसं करू नका. चाकांवरची इंजिन क्रेन भाड्याने मिळते. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी आम्ही इंधनाचा फ्यूज काढून ठेवला आणि आधी नुसतं स्टार्टरवर फिरवून ऑइलचा दाब येतो का पाहिलं. दाबाचा दिवा विझल्यावर फ्यूज लावला, किल्ली फिरवून पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकली, प्रत्येक सांध्यावर हात फिरवून ओल आहे का बघितली. एकाने अग्निशामक नळकांडं धरलं होतं. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागलं. मित्राचे वडील पायरीवर बसून होते. ते उठून बॉनेटपाशी आले, थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘टॅपेटचा आवाज नाही रे येत हिचा.’’

त्यांची मूळ इंजिनाची सगळी यंत्रणा, गिअरबॉक्स, स्टिअरिंगवरचा लिव्हर, अगदी कापलेला टनेलचा पत्रासुद्धा, शेडच्या कोपऱ्यात लाकडी चौकटीवर ठेवलेली आहे. प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या डबीत, डबीवर नाव. तडकलेला ब्लॉक धातूने शिवून दुरुस्त करणारे लोक आहेत, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. तोपर्यंत मित्र दर महिन्याला प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडतो, पाना लावतो आणि क्रँक एक फेरा फिरवून ठेवतो.